पाखरांची खानेसुमारी : डॉ. सलीम अली

गिधाड हा शब्द आपण मराठीत बहुधा शिवी म्हणूनच वापरतो. दुसऱ्याच्या अडचणीवर टपून बसलेल्या सावकाराला आपण गिधाड म्हणतो, दुष्काळात धान्य दडवून ठेवणाऱ्या व्यापाऱ्यालाही तेच नाव देतो. रामायणातील जटायूपुढे मात्र आपण हात जोडतो. इगतपुरी तालुक्यातील टाकेद येथे जटायूचे स्थान आहे आणि तेथे लोक भक्तिभावाने जातात. एकाच पक्ष्याला शिवीही द्यायची आणि नमस्कारही करायचा, पण तो पक्षी राहतो कोठे, खातो काय, उरला आहे किती, याची चौकशी करायची नाही, अशी आपली रीत आहे. या देशातील यच्चयावत पाखरांची अशी चौकशी ज्यांनी आयुष्यभर केली, त्या डॉ. सलीम अली यांचे चरित्र आपल्या महाविद्यालयाच्या वाचकांपुढे ठेवावे, असे मला वाटले. त्यांना जाऊन तीन तपांहून अधिक काळ लोटला आहे. परंतु त्यांनी घालून दिलेली शिस्त नसती, तर आपल्या आकाशातून गिधाडे नाहीशी झाली हेसुद्धा आपल्याला फार उशिरा कळले असते.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत खेतवाडी भागात झाला. ते भावंडांतले शेंडेफळ. वडील मोइझुद्दीन हे सलीम वर्षाचे असतानाच वारले आणि तिसऱ्या वर्षी आईचे छत्रही हरपले. पोरक्या झालेल्या या भावंडांना मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी आपल्या घरी नेले. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. या पोरांनीच त्यांचे घर भरून गेले. मामा शिकारीचे षौकीन होते. त्या काळच्या सुखवस्तू घरांतील मुलांप्रमाणे छोट्या सलीमच्या हातीही छऱ्याची बंदूक आली आणि चिमण्या मारणे हा त्याचा खेळ झाला.

एके दिवशी, वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास, त्याने एक चिमणी पाडली. हातात घेऊन पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! नेहमीच्या चिमणीला असा ठिपका नसतो. त्याने मामांना विचारले, पण त्यांनाही सांगता येईना. मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी भाच्याच्या हाती चिठ्ठी देऊन त्याला सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठविले. एका गोऱ्या साहेबासमोर जाताना त्या पोराचे पाय लटपटले असतील तर नवल नाही. परंतु मिलार्डसाहेबांनी त्याला हुसकावून न लावता पक्षी ओळखून दाखविला. मग एकामागून एक कप्पे उघडून सोसायटीच्या संग्रहातील पेंढा भरलेले पक्षी दाखविले, वाचायला पुस्तके दिली, पक्ष्याची कातडी टिकवून कशी ठेवावी हे शिकविण्याची व्यवस्था केली. अनोळखी पोराच्या प्रश्नाला एका मोठ्या माणसाने मन लावून उत्तर दिले आणि त्यातून एका आयुष्याला दिशा मिळाली. आपल्या गुरुजनांनी ही गोष्ट जरूर लक्षात घ्यावी, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.

शाळेत मात्र सलीमने काही दिवे लावले नाहीत. तेराव्या वर्षाच्या सुमारास डोकेदुखीने त्याला इतके हैराण केले की हवापालटासाठी सिंधमधील नातेवाइकांकडे पाठवावे लागले. १९१३ मध्ये तो कसाबसा मॅट्रिक झाला. पुढचे शिक्षण झेपेना, तेव्हा १९१४ साली त्याची रवानगी ब्रह्मदेशात तवॉय येथे झाली. तेथे कुटुंबाचा खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता. व्यवसायाकडे लक्ष द्यावे अशी घरच्यांची अपेक्षा; पण चहूकडे घनदाट अरण्य आणि त्यात नवनवे पक्षी! सलीमचे लक्ष कोठे राहिले असेल हे सांगायला नको. १९१७ मध्ये तो मुंबईस परतला. दावर यांच्या कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब तो शिकू लागला. सेंट झेवियर्स कॉलेजातील फादर ब्लॅटर यांनी त्याची खरी आवड ओळखली आणि त्याला प्राणिशास्त्राच्या अभ्यासाकडे वळविले. १९१८ च्या डिसेंबरात तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुन्हा एकदा ब्रह्मदेशात जाऊन धंदा करून पाहिला, पण तोही बुडाला.

आता पोटापाण्याचा प्रश्न उभा राहिला. भारत सरकारच्या प्राणिसर्वेक्षण खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा होती. तेथे सलीम अलींची निवड झाली नाही, कारण त्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. ज्याला पक्ष्यांची एवढी जाण, त्याला पदवीच्या कागदाअभावी दार बंद! हे वाचताना माझ्यासारख्या विद्यार्थ्याच्या मनात दोन विचार येतात. माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील दुसऱ्याच्या शेतावर राबतात, आई निंदणी-खुरपणीला जाते, आणि दोघांचेही डोळे माझ्या पदवीकडे लागलेले आहेत. तेव्हा पदवीवाचून काही अडत नाही, असा बोध या प्रसंगातून कोणी घेऊ नये. सलीम अलींचे अडलेच. त्यांना घरचा आधार होता म्हणून ते तगले. आपल्यापैकी पुष्कळांना तो नसतो. पण दुसरा विचारही तितकाच खरा. पदवी दार उघडून देईल. आत जाऊन करायचे काय, हे तिच्यावर लिहिलेले नसते. सलीम अलींना ते माहीत होते. म्हणून एक दार बंद झाल्यावरही ते थांबले नाहीत.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविभाग नव्याने उघडला होता. तेथे येणाऱ्यांना माहिती सांगण्याची नोकरी त्यांना दरमहा ३५० रुपयांवर मिळाली. दोन वर्षांत त्यांच्या ध्यानात आले की आपले ज्ञान शिकाऱ्याचे आहे, शास्त्रज्ञाचे नाही. १९२८ मध्ये रजा घेऊन ते जर्मनीस गेले आणि बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात प्रा. एर्विन स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकले. पक्ष्याच्या पायात क्रमांकाचे कडे घालून त्याचा प्रवास कसा शोधावा, हे त्यांनी हेलिगोलँड बेटावर पाहिले. स्ट्रेसमान यांना ते अखेरपर्यंत गुरू मानीत.

१९३० मध्ये ते परतले, तो म्युझियममधील जागाच पैशाअभावी रद्द झालेली! नोकरी गेलेला, चौतिशीचा हा गृहस्थ पत्नीला घेऊन अलिबागजवळच्या किहीम गावी, समुद्रकाठच्या घरी जाऊन राहिला. घराजवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची घरटी लोंबत होती. रिकामपण आले म्हणून हातपाय न गाळता सलीम अली रोज तासन् तास शिडीवर आडोसा करून बसू लागले. कोणत्या घरट्यात कोणता पक्षी आला, किती वेळ थांबला, काय घेऊन आला, याची टिपणे त्यांनी काढली. त्यातून जे निघाले ते गमतीचे आहे. बहिणाबाईंनी घरोघरी पोहोचविलेल्या या पाखराला आपण सुगरण म्हणतो. पण खोपा विणतो तो नर. तो अर्धा खोपा विणून मादीची वाट पाहतो. मादी येऊन खोपा पारखते. पसंत पडला तर ती आत बिऱ्हाड करते, आणि मग नर तो पुरा करून दुसऱ्या मादीसाठी दुसरा खोपा विणायला घेतो. शतकानुशतके सर्वांच्या डोळ्यांसमोर चाललेला हा संसार कोणी नीट पाहिलाच नव्हता. किहीमच्या या टिपणांवरून लिहिलेल्या लेखाने शास्त्रज्ञांच्या जगात त्यांचे नाव झाले.

मला सलीम अलींच्या साऱ्या चरित्राचे सार या किहीमच्या शिडीत दिसते. दुर्मिळ पक्ष्यामागे धावणारे पुष्कळ असतात. जे रोज दिसते, ज्याच्याकडे कोणी मान वर करूनही बघत नाही, त्याची नोंद ठेवणारा विरळा.

पुढे त्यांनी संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी करण्याचा बेत मांडला. संस्थानाने प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च सोसावा, आपण स्वतःचे मानधन घेणार नाही, अशी त्यांची तयारी होती. प्रथम १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानची पाहणी झाली. आपला मराठवाडा त्या वेळी याच संस्थानात होता. त्यानंतर त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ असा क्रम लागला. बैलगाडी, घोडा, पायपीट. रात्री तंबूत कंदिलाच्या उजेडात टिपणे. विलायतेत शिकलेल्या तेहमिनाबाई या रानोमाळच्या संसारात आनंदाने सामील झाल्या. मुक्कामाची सारी व्यवस्था त्या पाहत, आणि पतीचे लेखन सोपे व डौलदार व्हावे म्हणून त्यावर नजरही ठेवीत. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या दगावल्या. सलीम अलींवर हा मोठाच आघात होता. ते बहिणीच्या घरी राहू लागले आणि उरलेले सारे आयुष्य त्यांनी कामाला वाहिले.

१९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. सामान्य माणसाला चित्र पाहून पक्षी ओळखता यावा, हा त्याचा हेतू. तुरुंगात असलेल्या पंडित नेहरूंनी हे पुस्तक वाचून आपल्या मुलीला, इंदिरेला, तुरुंगातच पाठविले होते. स्वातंत्र्यानंतर सोसायटी पैशाअभावी बंद पडण्याच्या बेतात आली, तेव्हा सलीम अलींनी पंडितजींना साकडे घातले आणि सरकारी मदत मिळवून ती वाचविली. पुढे अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी भारत आणि पाकिस्तानातील पक्ष्यांचा दहा खंडांचा महाग्रंथ सिद्ध केला. त्याचे खंड १९६८ ते १९७४ या काळात निघाले. १९६८ च्या पहिल्याच खंडात गिधाडे येतात. मोरावर जितक्या काळजीने लिहावे तितक्याच काळजीने गिधाडावरही लिहिलेले आहे. शास्त्रज्ञाच्या वहीत सुंदर आणि कुरूप असा भेद नसतो.

सलीम अली म्हणजे कोणी सोवळे साधुपुरुष होते, असा मात्र समज नको. तरुणपणी त्यांनी शिकार केली, अभ्यासासाठी हजारो पक्षी मारून त्यांचे नमुने तयार केले. मोटारसायकलचे त्यांना वेड होते. १९५० मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे पक्षितज्ज्ञांची परिषद भरली, तेव्हा त्यांनी आपली सनबीम गाडी जहाजातून युरोपात नेली आणि तिच्यावरून परिषद गाठली. त्या वेळी त्यांचे वय चौपन्नाच्या घरात होते!

राजस्थानातील भरतपूरशी त्यांचे नाते विशेष होते. केवलादेव घना ही तेथील पाणथळ जागा. हिवाळ्यात लक्षावधी बदके उत्तरेकडून तेथे उतरत, आणि महाराजांचे पाहुणे त्यांची शिकार करीत. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीत ४,२७३ पक्षी पाडले गेले. तो आकडा तेथे दगडावर कोरलेला आहे. योगायोग असा की तो सलीम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस होता. स्वातंत्र्यानंतर हे पाणी आटवून जमीन शेतीला द्यावी अशी मागणी झाली. सलीम अलींनी नेहरूंपर्यंत जाऊन ही जागा राखली. १९८५ मध्ये तिची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली.

याच भरतपुरात त्यांच्या सोसायटीने पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे मोठे काम चालविले. त्याला एक कारण घडले होते. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांनाही ताप येऊ लागला. हा रोग परदेशांतून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांतून तर आला नाही, अशी शंका निघाली. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास सुरू झाला. पाखरू आणि माणसाचे आरोग्य यांचा संबंध जोडून पाहण्याची सवय या संस्थेला अशी लागली. पुढे तीच कामी आली.

भरतपूरची आणखी एक हकिकत आहे. ती त्यांच्या गौरवग्रंथांत सहसा येत नाही, पण मला ती महत्त्वाची वाटते. केवलादेवात आसपासच्या गावांची गुरे पिढ्यान् पिढ्या चरत. ती बंद करावीत असे सलीम अलींचेही मत होते. १९८२ मध्ये चराईबंदी आली, गावकरी चिडले, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात काही गावकऱ्यांचे प्राण गेले. गुरे राखणाऱ्या घरातल्या माणसाला ही गोष्ट विसरता येत नाही. पुढे काय झाले? सोसायटीच्याच शास्त्रज्ञांनी भरतपुरात दहा वर्षे निरीक्षणे केली. त्यांना आढळले की म्हशी नाहीशा झाल्यामुळे गवत माजले, पाणी गुदमरले आणि पक्ष्यांची उलट अडचणच झाली. सलीम अलींच्या मताविरुद्धचा हा निष्कर्ष त्यांच्याच संस्थेने जगापुढे मांडला. गेलेले जीव त्याने परत आले नाहीत. पण थोर माणसाच्या शब्दापेक्षा वहीतली नोंद मोठी मानायची, हे त्यांच्याच शिकवणीचे फळ होते.

पदवी नसलेल्या या माणसाला पुढे अलीगढसह अनेक विद्यापीठांनी सन्मानाने डॉक्टरेट दिली. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेचे सदस्यत्व असे मान चालत आले. पारितोषिकांतून मिळालेला पैसा त्यांनी निसर्गरक्षणाच्या कामाला देऊन टाकला. १९८७ साली, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्या वर्षी त्यांनी मान वर करून पाहिले असते, तर गिधाडे आकाशात होतीच. पांढऱ्या पाठीचे गिधाड तर इतके सर्वत्र होते की मोठ्या शिकारी पक्ष्यांत जगात त्याच्याइतका विपुल दुसरा नसावा, असे तज्ज्ञ मानीत. गाव तेथे गिधाड, अशीच स्थिती होती. या पक्ष्यावर संकट येईल, असे कोणाच्या स्वप्नातही आले नसते. मग ते येत असल्याचे कळले कसे?

ते कळले भरतपूरच्या वह्यांतून. सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात केवलादेवातील शिकारी पक्ष्यांचा अभ्यास केला होता. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची साडेतीनशेच्या आसपास घरटी त्या वेळी तेथे होती. साध्या, मुबलक, कोणालाही नकोशा पक्ष्याची ही मोजदाद तेव्हा कोणाला व्यर्थही वाटली असेल. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते पुन्हा मोजू लागले, तो निम्म्याहून अधिक घरटी गायब! झाडांवर माना खाली टाकून पेंगणारी आजारी गिधाडे आणि झाडाखाली मेलेली. काही वर्षांतच तेथे एकही घरटे उरले नाही. सोसायटीने १९९० च्या दशकाच्या आरंभी देशभर रस्तोरस्ती हिंडून शिकारी पक्षी मोजले होते. तेच रस्ते २००० मध्ये पुन्हा पालथे घातले, तेव्हा गिधाडे नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्याचे दिसले. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्के कमी झाली. हजारांतले एक उरले. जुना आकडा हाती नसता, तर नवा आकडा कोणाशी ताडून पाहणार होते?

प्रथम हा काही संसर्गजन्य रोग असावा असे वाटले. खरे कारण २००४ मध्ये, पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून, पुढे आले. गुरांच्या सुजेवर आणि दुखण्यावर डायक्लोफेनॅक नावाचे स्वस्त औषध दिले जाई. औषध दिल्यावर थोड्याच अवधीत जनावर मेले, तर ते त्याच्या मांसात उरते. ते मांस गिधाडाने खाल्ले की त्याचे मूत्रपिंड निकामी होते आणि काही दिवसांत ते मरते. सडक्या मांसातले भयंकर जंतू ज्याच्या पोटातील आम्लात भस्म होतात, तो पक्षी माणसाच्या एका सुईने मेला! शेतकऱ्याचा यात दोष काय? दुखण्याने कण्हणाऱ्या बैलाला आराम पडावा, एवढेच त्याने पाहिले होते. गिधाडे एकाच मढ्यावर झुंडीने जेवतात आणि मादी वर्षाला एकच अंडे घालते. त्यामुळे शंभरात एकाहून कमी मढी विषारी असली, तरी ही जात संपायला तेवढे पुरे झाले.

गिधाडे गेल्याने काय बिघडले? गावाबाहेर टाकलेले जनावर एक मोठा थवा पाहता पाहता हाडांपर्यंत साफ करी. ती मढी आता दिवसचे दिवस सडू लागली. पाणी नासू लागले. मोकाट कुत्र्यांना आयते खाद्य मिळाले, त्यांची संख्या वाढली आणि पिसाळलेल्या कुत्र्यांचा धोकाही वाढला. मुंबईत मलबार हिलवरील पारशी समाजाच्या दोखम्यात शतकानुशतकांचा अंत्यविधीच अडला. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख माणसे अधिक दगावली, असा त्यांचा हिशेब आहे. ज्याला आपण मरणावर टपलेला म्हणत होतो, तो पक्षी आपले मरण थोपवून धरीत होता.

माझे आजोबा सांगतात, आमच्या गावी ओढ्यापलीकडे मेलेली गुरे टाकीत. जनावर टाकून माणसे घरी पोहोचत नाहीत तोच आकाशात ठिपके फिरू लागत. मी एकोणीस वर्षांचा आहे. मी गावाकडे गिधाड पाहिलेले नाही, आणि माझ्या वयाच्या पुष्कळांनी पाहिले नसेल. ती गेली कधी, असे मी आजोबांना विचारले. त्यांना वर्ष आठवेना. गावात दुसऱ्या कोणालाही आठवेना. घराघरांतील म्हशींचा, विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा हिशेब ठेवणाऱ्या गावाला आपल्या डोक्यावरचे आकाश कधी रिकामे झाले, ते सांगता आले नाही. सलीम अलींची थोरवी मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने उमगली.

सुदैवाने सारे संपलेले नाही. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर सरकारने २००६ मध्ये बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना अपाय न करणारे औषध गुरांसाठी उपलब्ध आहे. माणसांसाठीच्या औषधाची मोठी बाटली गोठ्यात पोहोचू नये म्हणून २०१५ मध्ये तिचा आकार तीन मिलिलिटरवर आणला गेला. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक यांचाही गुरांसाठी वापर बंद झाला. हरियाणातील पिंजोर येथे सोसायटीने गिधाडांची पैदास केली. तेथील गिधाडे २०२४ च्या आरंभी आपल्या विदर्भातील पेंच आणि ताडोबा येथे आणण्यात आली. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळ चिरगाव येथे, नाशिक जिल्ह्यात खोरीपाडा येथे आणि गडचिरोलीत गावकऱ्यांच्या साहाय्याने गिधाडांसाठी निर्विष मढी ठेवली जातात. भरतपुरात जी गावे पक्षिरक्षणाच्या विरोधात उभी करण्यात आली, तशीच गावे येथे रक्षक झाली आहेत. गरिबाला शत्रू ठरवून पाखरू वाचत नाही, हा धडा आपण शिकलो असे यावरून म्हणता येईल.

सलीम अलींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर, आपल्याकडे पक्षिप्रेमी साजरा करतात. त्या दिवशी भाषणे होतात, हार घातले जातात. माझी महाविद्यालयाला एक सूचना आहे. आपण कला शाखेचे विद्यार्थी; आपल्याजवळ दुर्बीण नाही, प्रयोगशाळा नाही. पण वही आहे. आपल्या आवारात, बसस्टँडवर, गावच्या ओढ्यावर कोणते पक्षी किती दिसले, याची नोंद दर वर्षी त्या दिवशी करावी आणि ती वही ग्रंथालयात ठेवावी. चिमण्या, कावळे, साळुंक्या, घारी, जे दिसेल ते. त्यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. गिधाडांबद्दलही लोक हेच म्हणत होते. आपल्या सुट्ट्यांत जे विद्यार्थी खेड्यांकडे जातात त्यांनी आणखी एक करावे : गुरांच्या डॉक्टरांना औषधाचे नाव विचारावे आणि ते घरच्यांना समजावून सांगावे. मी या दिवाळीच्या सुट्टीत तसे करणार आहे. आजोबांनी पाहिलेल्या गिधाडांचे जेवढे त्यांना आठवते तेवढेही लिहून ठेवणार आहे. साल नसले तरी चालेल. पहिले पान तरी भरेल.